पाच महिन्यांचं अंतर

काचेपलीकडच्या बाईंनी आमचे दोन्ही दाखले शेजारी शेजारी ठेवले आणि बोटांवर मोजायला सुरुवात केली. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. डिसेंबरपाशी त्या थांबल्या, परत जुलैवर आल्या आणि पुन्हा मोजलं. मग खिडकीच्या भोकाशी तोंड आणून, मागच्यांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाल्या, "हे तुमचे मोठे भाऊ. जन्म एक जुलै, एकोणीसशे बावन्न."

"हो."

"आणि तुम्ही नऊ डिसेंबर. बावन्नच."

"हो."

"आई एकच?"

"एकच."

"मग हे कसं काय?"

इतकं आयुष्य गेलं, हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. शाळेनं विचारला नाही, एस.टी. महामंडळानं नोकरी देताना विचारला नाही, बायकोच्या बापानंही विचारला नाही, आणि त्यानं तर बाकी सगळं विचारलं होतं. कारण एकच. किसनभाऊचा दाखला आणि माझा दाखला आजवर एका टेबलावर कधी आलेच नव्हते. ते आले थेट मुंबईत, जर्मनीच्या वकिलातीत.

"बाई, हे आमच्या टाले गुरुजींचं काम आहे," मी म्हटलं. "आमच्या वेळी पोरगं शाळेत नेलं की त्याचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानापर्यंत पोचतो का ते बघायचे. पोचला की सहा वर्षं पूर्ण. मग तारीख गुरुजी टाकायचे. निम्मा वर्ग एक जुलैचा. एका घरात दोन एक जुलै बरे दिसत नाहीत, म्हणून त्यांनी मला डिसेंबरात ढकललं असणार. आता पाच महिने पुरतात की नाही, हे त्यांना ठाऊक नसावं. गुरुजी ब्रह्मचारी होते."

बाई हसल्या नाहीत. "म्हणजे दाखला खोटा आहे?"

"दाखला खरा आहे. तारीख तेवढी..."

"दाखल्यावर मुंबईचा शिक्का आहे, दिल्लीचा शिक्का आहे. मजकूर खरा आहे असं सरकारनं दोनदा सांगितलंय. मी आता तिकडे काय कळवू? गुरुजी ब्रह्मचारी होते असं?"

या शिक्क्यांसाठी मी पंधरा दिवस चपला झिजवल्या होत्या. एकदाचं सगळं खरं ठरलं होतं, आणि खरं ठरल्यामुळेच अडलं होतं.

त्या कागदांवर काय टांगलेलं होतं तेही सांगतो. किसनभाऊची दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. तिशीत तो यंत्रांच्या कारखान्यात नोकरीला म्हणून तिकडे गेला आणि तिकडचाच झाला. आता आठवड्यातून तीनदा त्याचं रक्त यंत्रातून गाळून काढत होते. माझं रक्त तपासलं, ते जुळलं. द्यायला मी तयार होतो, घ्यायला तो तयार होता, कापायला डॉक्टर तयार होते. पण तिथे एक समिती असते. देणारा पैशासाठी देत नाही, नात्यातलाच आहे, हे तिला कागदावर दिसावं लागतं. समितीची बैठक महिनाअखेरीस होती. निर्मलावहिनी फोनवर म्हणाल्या होत्या, "ही बैठक चुकली तर पुढची आहे भाऊजी. पण डॉक्टर म्हणतात, पुढच्या बैठकीपर्यंत त्यांचं हृदय थांबायचं नाही." त्यांना म्हणायचं होतं, तग धरायचं नाही. मी काही दुरुस्त केलं नाही.

बाईंनी कागद माझ्याकडे सरकवले. मग जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "आईचं प्रतिज्ञापत्र आणा. तुमच्या तहसीलदारांसमोर केलेलं. जे काय असेल ते स्पष्ट लिहा आणि त्यावर हेच दोन शिक्के घ्या. गुरुजी वगैरे नको."

*

मूर्तिजापूरच्या बसस्थानकावर मी वाहतूक नियंत्रक होतो. म्हणजे गाडी लागली की ध्वनिक्षेपकावरून सांगायचं, आणि नाही लागली की तेही त्याच सुरात सांगायचं. माझ्या आवाजात कधी काळजी दिसत नसे, अशी माझी ख्याती होती. मालोकार वकिलांच्या कचेरीत त्या दिवशी मात्र माझा आवाज ऐकून ते म्हणाले, "बस आधी. पाणी पी. कोणी गेलं का?"

मी सगळं सांगितलं. मालोकारांनी दोन्ही दाखले उजेडात धरले. त्यांचा चेहरा हळूहळू खुलत गेला. "तुझी आई म्हणजे कमालच आहे," ते म्हणाले.

"वकीलसाहेब, चेष्टा नको."

"बरं. तारीख दुरुस्त करायची तर कोर्टात जावं लागेल. तोवर तुम्ही दोघंही भाऊ वर जाल आणि खरी तारीख तिथेच विचारून घ्याल." त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "समितीला सख्खाच भाऊ लागतो का?"

मी दवाखान्याचं पत्र काढलं. त्यात सख्खा किंवा सावत्र असं होतं. बाप एक असला तरी चालणार होतं.

"मग झालं की. तुझ्या वडलांना दोन बायका होत्या."

"नव्हत्या."

"होत्या म्हणतो मी. बावन्न साली आपल्या भागात दोन बायका करायला कायद्याची आडकाठी नव्हती. दोन बायका, दोन बाळंतपणं, मध्ये पाच महिने. जगात कोणी बोट ठेवणार नाही. एक बायको वारली, दुसरीनं दोन्ही पोरं वाढवली. दाखल्यावर तिचंच नाव लागलं. सुटला प्रश्न."

प्रश्न इतका सुटला की मला भीती वाटली. "आणि वारलेलीचा मुलगा कोण?"

"ते तू सांग. दोघांपैकी एकाला आईकडून काढावं लागेल."

मी फार विचार केला नाही. "मला काढा. किसनभाऊ आधीच आजारी आहे. त्यात आणखी त्याला आईविना कशाला करता?"

मालोकारांनी माझ्याकडे जरा रोखून बघितलं आणि लिहायला घेतलं. मेलेल्या बाईला नाव हवं होतं. त्यांच्या आत्याचं नाव कौसल्या होतं. लक्षात राहायला सोपं म्हणून तेच ठेवलं.

*

आई अंगणात बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. मी तिला प्रतिज्ञापत्र वाचून दाखवलं. मजकुरात दुसरी बायको आली तसा तिचा हात थांबला. कागद संपेपर्यंत तो शेंगेवरच होता.

"वकिलाले हे कोनं सांगतलं?" तिनं विचारलं.

"कोणी नाही. त्याच्याच डोक्यातून निघालं."

"मोठं डोकं हाय." ती पुन्हा सोलू लागली. "अन् मेलेलीचं पोर म्हंजे तू?"

"कागदावर."

"तूच काहून?"

"कोणीतरी एक लागतो, आई. तू फक्त साहेबासमोर हो म्हणजो. नाव विचारलं तर कौसल्या. कधी वारली तर आठवत नाही म्हणजो. तुझ्या वयात चालते."

"खोटं बोललं तर काय करते साहेब?"

"काही नाही करत," मी म्हटलं. आवाज माझा ध्वनिक्षेपकावरचा होता.

ती शेंगा घेऊन चुलीकडे गेली. त्या दिवशीची आमटी खारट झाली होती. आईच्या हातची आमटी मी पहिल्यांदा खारट खाल्ली आणि म्हातारपण म्हणून सोडून दिलं.

*

नायब तहसीलदार बारगजे बीडकडचे होते. तरुण, इस्त्रीचे, नव्यानं बदलून आलेले. मागच्याच आठवड्यात त्यांनी एक बनावट दाखला पकडला होता आणि त्या आनंदातून ते अजून बाहेर आले नव्हते. मालोकारांनी पुढे केलेला कागद त्यांनी दोनदा वाचला.

"परदेशात जाणार आहे हे?"

"जी."

"मग मी नुसता शिक्का मारणार नाही. आजींना विचारणार. तुम्ही दोघं मागच्या बाकावर बसा. मध्ये बोलायचं नाही, खाकरायचं नाही." मग आईकडे वळून म्हणाले, "आजी, खोटं निघालं तर गुन्हा दाखल होईल. वय बघून सोडता येत नाही मला. कळलं?"

आई म्हणाली, "समजलं."

माझ्या तळहातांना घाम सुटला. मालोकारांनी खिशातून रुमाल काढला आणि माझ्याकडे न देता स्वतःच वापरला.

"यात काय लिहिलंय माहीत आहे?"

"हाय."

"वाचता येतं?"

"नाई. मले माहीत हाय."

"तुमच्या मालकांना दुसरी बायको होती?"

"होती."

"नाव काय तिचं?"

मी मनातल्या मनात कौसल्या, कौसल्या असं म्हणत होतो. ओठही हलत असावेत.

"सुभद्रा," आई म्हणाली.

मालोकारांनी डोळे मिटले. बारगजेंनी पेन खाली ठेवलं. "इथं कौसल्या लिहिलंय."

"साहेब, ते माहेरचं नाव..." मालोकार अर्धवट उठले.

"तुम्हाला विचारलं नाही. आजी?"

"ते वकिलानं लिहिलं," आई म्हणाली. "त्याले काय मालूम. त्यानं तिले पाह्यलं नाई."

आता संपलं, असं मी धरून चाललो. आई तुरुंगात, किसनभाऊ यंत्रावर आणि मधे मी. बारगजे खुर्चीत मागे टेकले. मांजर उंदराला जरा पळू देतं, तसं त्यांनी विचारलं, "बरं. मग तुम्हीच सांगा. कुठली होती ही सुभद्रा?"

"कारंज्याची. सरकी काढाच्या जिनात कापूस वेचे. मालक हंगामाले जिनात जात, तिथं तिच्याशी पाट लावला. पह्यला नवरा मेला होता तिचा. मी इकडे गावात, ती तिकडे. मले सहा महिन्यानं समजलं."

"भांडलात?"

"कोनाशी भांडू? ते तिकडे अन् मी इकडे. अन् मले बी दिवस होते."

"मग?"

"किसन झाला आषाढात. हा झाला मार्गशीर्षात. सव्वा महिना झाला अन् ती तापानं गेली. पोर जिनातल्या बायांनी ठेवलं होतं. मालक आनत नव्हते. लाजत होते. मी म्हनलं, गाडी जुपा."

मी थक्क झालो होतो. माझ्या आईला थाप कधी धड मारता आली नव्हती. उपवासाच्या दिवशी चुकून चहात बिस्किट बुडवलं तरी संध्याकाळपर्यंत ती स्वतःहून सांगून टाकायची. आणि आज ती कारंजा, जिन, ताप, सगळं एकाखाली एक मांडत होती, सुपातून दाणे पाखडावेत तसं. वाटलं, ही बाई नाटकात गेली असती तर आम्ही आज पुण्यात असतो.

"लहान पोराला घेऊन गेलात?"

"किसन मांडीवर होता. जातांनी मांडीवर एक होतं, येतांनी दोन."

"आणि मालक?"

"ते गाडी हाकत होते. कारंज्यापासून घरापोत्तर मांगं वळून पाह्यलं नाई."

बारगजेंनी टेबलावरचा पेपरवेट उगाच सरकवला. "गावाला माहीत नव्हतं हे?"

"त्या गावाले होतं. म्हनून ते गाव सोडलं. इथं आलो तवा दोघंही पायानं चालत होते. लोकायनं विचारलं नाई, मी सांगतलं नाई."

"कोणी साक्षीदार?"

"होते. मेले सगळे. मीच उरली."

बारगजेंनी पेन उचललं आणि माझ्या दिशेनं केलं. "यांना हे माहीत आहे?"

आईनं मागे बघितलं नाही. "आतापोत्तर नव्हतं," ती म्हणाली.

हा शेवटचा घाव इतका बेमालूम होता की मला हसू आवरेना. मी ओठ चावून मालोकारांकडे बघितलं, त्यांचंही हसू बघावं म्हणून. ते हसत नव्हते. मालोकारांचं सारं आयुष्य खोटं बोलणाऱ्यांसोबत गेलेलं. खरं बोलणारा त्यांना क्वचित भेटायचा, पण भेटला की ते ओळखायचे. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि उचलला नाही.

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. बारगजेंनी कौसल्या खोडलं, वर स्वतःच्या अक्षरात सुभद्रा लिहिलं, बाजूला सही केली. पुढच्या मजकुरात एक-दोन ठिकाणी स्वतःच भर घातली. मग उठून, टेबलाला वळसा घालून, शाईचा डबा आईच्या हातापाशी आणून ठेवला. तहसील कचेरीत साहेब डबा घेऊन उठलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. शिपायानंही नसावा, कारण तो दारात तसाच उभा राहिला.

*

बाहेर व्हरांड्यात लोखंडी बाक होता. आई अंगठ्याची शाई बाकाच्या कडेला पुसत बसली. मी तिच्या शेजारी बसलो, मधे एक माणूस मावेल इतकी जागा सोडून. का सोडली, माहीत नाही.

"ती सुभद्रा," मी म्हटलं.

"तुही माय."

समोर मोटारसायकलींच्या रांगेत कोणीतरी आपली गाडी शोधत होता. मी त्याच्याकडेच बघत राहिलो.

"तुले वाटते, तारीख गुरुजीनं टाकली," ती म्हणाली. "किसनची त्यायनं टाकली. मले आठवत नव्हती, म्हनलं पावसाळा होता. तुही पक्की होती. तिनं जिनातल्या कारकुनाले विचारून ठेवली होती. मी गेली तवा बायांनी सांगतलं, मरताना तिनं तीनदा म्हनून दाखवली. पोराजोळ तारीख असू द्या म्हने, माह्यापाशी दुसरं काही नाई."

वकिलातीतल्या बाईंना मी गुरुजींचं ब्रह्मचर्य रंगवून सांगितलं होतं, ते मला त्या वेळी का आठवावं कोण जाणे.

"कशी होती ती?"

"मी जित्ती कुठं पाह्यली? मेलेली बी नाई पाह्यली. मी गेली तवा सारं झालं होतं." तिनं अंगठा पुन्हा बाकाला घासला. "चांगली असन. मालक काही येडे नव्हते."

"मग त्या वकिलाबद्दल म्हणालीस, त्यानं तिला पाहिलं नाही."

"त्यानं नाईच पाह्यलं."

मला राग आला. कोणाचा ते ठरेना, म्हणून तो तिच्यावरच काढला. "इतकी वर्षं गप्प राहिली. आज काहून बोलली? कौसल्या चाललं असतं. हो म्हटलं असतं तर काम झालंच असतं."

"झालं असतं."

"मग?"

"तू सख्खा समजून देत होता," ती म्हणाली. "खोट्या कागदावर तुह्यं पोट फाडू देऊ का मी? आता तुले सारं ठाव हाय. द्याचं तर दे. नाई म्हनशीन तर किसनले मी सांगीन. तुह्यावर बोल येऊ देनार नाई."

"तो तुझ्या पोटचा आहे."

"हाव."

"कागद नाही गेला तर तो मरेल, आई."

"मले तेवढं समजते," ती म्हणाली.

तेवढ्यात मालोकार पाकीट घेऊन बाहेर आले. एरवी चार पायऱ्यांवरून हाक मारणारा माणूस, पण तो अगदी जवळ येऊन उभा राहिला. "मुंबईला माणूस निघालाय," ते हळूच म्हणाले. "त्याच्यासोबत देऊ, की आज राहू दे?"

आईनं मान फिरवली. तिकडे बघण्यासारखं काही नव्हतं. एक भिंत होती आणि तिच्यावर पोलिओच्या डोसाची जाहिरात. ती जाहिरात वाचता येत असल्यासारखी ती तिच्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा बघून मी काही ठरवू नये, एवढ्यासाठी. तिचा किसन त्या पाकिटात होता आणि ती भिंत बघत होती.

"पाठवा," मी म्हटलं.

मालोकार तसेच उभे.

"त्याले ऐकू नाई आलं," आई भिंतीकडे बघतच म्हणाली. "नीट सांग."

पहिल्यांदा तो शब्द आपोआप निघाला होता. माझ्या धंद्यात गाड्या सोडायची सवय असते. दुसऱ्यांदा मात्र तो मलाच म्हणावा लागला. "पाठवा," मी म्हटलं. "आजच."

मालोकार गेले. मग मी बाकावर सरकलो आणि मधली जागा भरून काढली. आईनं माझ्या सदऱ्याला अंगठा पुसला, उरलेली शाई निघावी म्हणून.

*

किसनभाऊ आज सत्तरी ओलांडून तिकडच्या घरामागचं गवत कापतो आणि त्याचे फोटो पाठवतो. मी फार लिहीत बसत नाही. माझ्या कुशीवर एक लांब वण आहे, थंडीत तेवढा ओढला जातो.

पण त्या सगळ्या धावपळीतलं काही टिकून असेल तर मुंबईची ती दुसरी खेप. प्रतिज्ञापत्रावर दोन्ही शिक्के बसले होते. बाईंनी ते वाचलं. या वेळी त्यांनी काही मोजलं नाही. एकदा वर माझ्याकडे बघितलं आणि एक छापील कागद सरकवला. "एवढा भरून द्या. जन्म देणाऱ्या आईचं नाव रिकामं ठेवू नका."

आदल्या दिवशी गाडीत बसवायला आई स्थानकावर आली होती. माझ्याच स्थानकावर, माझ्याच जागी दुसरा कोणी गाडी लागल्याचं सांगत होता. खिडकीशी येऊन ती म्हणाली होती, "तिथं नाव विचारतीन. माह्यं लिहू नको. तिचं लिहिजो. तिचं नाव कुठंच लिहून नाई. साहेबानं लिहिलं तेवढंच."

मी पेन टेकवलं. इंग्रजीत लिहायचं होतं. एकेका चौकोनात एक अक्षर. आजवर हजारो गाड्यांची आणि गावांची नावं मी लिहिली आणि उच्चारली होती. हे नाव पहिल्यांदाच लिहीत होतो. शेवटच्या अक्षराला हात जरा थांबला. पुढे चौकोन बरेच रिकामे उरले होते. आडनाव कोणतं लावायचं, पहिल्या नवऱ्याचं की आमचं, हे मी आईला विचारायचं विसरलो होतो.

"काय झालं?" बाई म्हणाल्या.

"काही नाही," मी म्हटलं, आणि आमचं लावलं.